टिकलीएवढं चामडं

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की मला चामडं आठवतं.

इतरांना काय आठवत असेल ते असो. दिवाळी उलटली की वाशीमच्या रस्त्यानं, कापसातली सरकी काढणाऱ्या जीनकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. सकाळच्या थंडीत बैलांच्या नाकातून वाफ निघते, कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकतात, आणि गाड्या पुढे गेल्या की बाया ते पुंजके अलगद सोडवून ओच्यात भरतात. मग जीनचा भोंगा, सरकीचा तेलकट वास, हवेत तरंगणारी रुई. कौलांवर, दुकानांच्या फळ्यांवर, माणसांच्या मिशांवर ती बसते. महिना-दोन महिने सगळं गाव हलकं आणि पांढरं होतं. मी शाळेच्या खिडकीतून ते बघतो, मुलांना इंग्रजी क्रियापदांची रूपं सांगतो, आणि मधेच डोळ्यांपुढे एक काळपट, टणक चकती येते. करंगळीच्या नखाएवढी. ती चकती बदलायला काय किंमत पडली, ते एकदा लिहून टाकावं असं पुष्कळ वर्षं मनात होतं.

परवा शाळेतून येताना तळ्याच्या अंगाला वळलो आणि क्लबाच्या अंगणात डोकावलो. बिलियर्डचं ते टेबल अजून आत तिथंच आहे. त्यावर आता वर्तमानपत्रं पसरलेली असतात आणि जीनचे मुनीम कोपर टेकून कापसाचे भाव वाचतात. हिरव्या कापडाला कसर लागली आहे. एका कोपऱ्यात कोणी तरी चहाची कपबशी ठेवून ठेवून गोल डाग पाडला आहे. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. बरंच वाटलं.

मी बी.ए. होऊन आलो ते साल दुसऱ्या लढाईच्या आधीचं. तेव्हा या टेबलाचा थाट निराळा होता. रेल्वेची लाईन टाकायला आलेला कोणी इंग्रज इंजिनियर ते मागे सोडून गेला, असं सांगत. हंगामाचे महिने सोडले तर त्यावर चादर असे. कापूस आला की सभासद येत. वकील, जीनवाले, दोन-तीन मोठे शेतवाले, सरकारी अंमलदार. दिवसभर शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस ओला आहे, काडीकचरा फार आहे, असं म्हणून भाव पाडायचा आणि दिवेलागणीला इथं येऊन पांढऱ्या-तांबड्या गोळ्या काठीनं ढकलायच्या. खेळ एकालाही धड येत नव्हता. पण खेळापेक्षा त्याच्या भोवतालचं सगळं त्यांना येत होतं. कोट काढून खुंटीला लावणं, एक डोळा मिटून काठी पारखणं, दुसऱ्याचा नेम चुकला की इंग्रजीत हळहळणं. मी तेव्हा दारात उभा राहून हे बघत असे आणि मला ते फार मोठं वाटे. त्या वयातल्या माझ्या डोळ्यांचाही मला आज राग येतो.

या काठीला ते क्यू म्हणत. क्यूच्या टोकाला चामड्याची बारीक चकती चिकटवलेली असते. तिला टिप म्हणतात. गोळीला लाकूड लागत नाही, चामडं लागतं. ते गुळगुळीत झालं किंवा निघालं की काठी घसरते आणि बड्या माणसाचं सगळ्यांसमोर हसं होतं. म्हणून ती टिप वेळोवेळी बदलावी लागते. बस, एवढंच काम आहे. आमच्या क्लबात मात्र तो एक सोहळा होता. क्यूला मऊ कापडात गुंडाळायचं, सुतारानं केलेल्या लांब खोक्यात झोपवायचं, खोकं गाडीनं स्टेशनवर न्यायचं, तिथून पार्सलानं अकोल्याला आणि अकोल्याहून नागपूरला. पंधरा-वीस दिवसांनी ते परत येई. काम चार आण्यांचं आणि येण्याजाण्याचा खर्च रुपयांत. पण तो खर्च ते लपवत नसत, उलट सांगत. "आमचा क्यू नागपूरला गेला आहे," हे वाक्य सभासद असं म्हणत, जसा दुसरा कोणी म्हणेल की आमचा मुलगा विलायतेला गेला आहे.

आमच्या गल्लीत चामड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं. माझे बा मोटेच्या चामड्यापासून जोड्यांपर्यंत सगळं करत. चामडं कापायची रापी त्यांच्या हातात बोटासारखी चाले. आमच्या घरून क्लबाचं छप्पर दिसे. पण एवढं लहान चामडं लावायला नागपूर लागतं, हे बांनाही खरं वाटे, कारण शिकलेली माणसं तसं म्हणत होती.

क्लबाचे सेक्रेटरी नानासाहेब वकील. तेच शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. मी शाळेत असताना त्यांनी माझी फी माफ केली होती. हे मी विसरलो नाही, आणि त्यांनीही कधी विसरू दिलं नाही. मी कृतघ्न नाही. ज्या मास्तरांनी मला शाळेच्या ओसरीवरून उचलून वर्गात, बाकावर बसवलं, त्यांचं नाव घेतलं की आजही माझे हात जोडले जातात. नानासाहेबांचं नाव घेतलं की हात जोडले जात नाहीत, पण मान मात्र आपोआप खाली जाते. या दोन गोष्टींत फरक आहे हे कळायला मला पदवी पुरली नाही.

मी नागपूरला शिकत होतो तेव्हा एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर परतताना नानासाहेबांनी ते खोकं माझ्याच हाती दिलं. म्हणाले, "तू जातोच आहेस. नीट ने. माणसासारखा जप त्याला." मी ते खोकं मांडीवर घेऊन बसलो. नागपूरच्या त्या दुकानात पुढे काचेची कपाटं आणि आत एक अंधारी खोली. आतल्या खोलीत एक म्हातारा बसला होता. त्याच्यापुढची ऐरण, त्याच्या गुडघ्यावरचं फडकं, त्याच्या अंगठ्याचा घट्टा बघून मी ओळखलं की हा आपल्यातलाच. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यानं बसायला पोतं सरकवलं.

त्यानं जुनी टिप खरवडून काढली. सरस कढत करून नवी चकती बसवली. ती सुकेपर्यंत, आधीच चकती लावून ठेवलेला दुसरा क्यू घेऊन त्यानं त्या चकतीच्या कडा रापीनं काठीबरोबर तासल्या. मग अंगठ्यावर थुंकी घेतली, ती कडेनं फिरवली आणि जाड फडक्यानं घासू लागला. बघता बघता त्या कडेला आरशासारखी चमक आली.

"पाणी काहून नाही लावत?" मी विचारलं.

"पाण्यानं फुगते ना रे," म्हातारा म्हणाला. "पाणी चामड्याच्या पोटात जाते. थुका वरतीच राह्यते. अंदाजानं लागते. बी.ए.त शिकवत नाई का हे?"

हे मी बांना सांगितलं. कॉलेजातून मी घरी काय काय आणलं, त्यात बांना कळेल असं एवढंच होतं. त्यांनी ते एखाद्या मंत्रासारखं ऐकून घेतलं. म्हशीच्या पाठीच्या चामड्याचा तुकडा भिजवून, ठोकून, दाबून, वाळवून त्यांनी चकत्या पाडल्या. घरातल्या मुसळाच्या टोकावर एक चिकटवून पाहिली. मायनं विचारलं, "हे काय चालवलं? मुसळाले टिकली कायले लावून राह्यले?" बा म्हणाले, "साहेब लोकायच्या काठीले लावतेत. मुसळ काय वाईट हाये?" तेव्हापासून आमच्या घरात टिप नाही, टिकलीच.

तर तो हंगाम. मी पदवी घेऊन आलो होतो आणि शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा रिकामी होती. अर्ज नानासाहेबांच्या मेजावर पडून होता. मी रोज त्यांच्याकडे जाई. "कमिटी बसेल तेव्हा बघू," असं ते म्हणत. दसऱ्याला म्हणाले, दिवाळीला म्हणाले. घरी माय रोज दारातच विचारी, "झालं का रे?" आमच्या गल्लीनं वर्गणी करून माझ्या परीक्षेच्या फीला हातभार लावला होता. आता तीच माणसं चावडीवर, विहिरीवर मला बघून विचारत नसत, नुसती बघत. ती जागा मला हवी होती. एवढी दुसरी कोणतीही गोष्ट मला आयुष्यात हवीशी वाटली नाही.

त्याच दिवसांत अकोल्याहून डिप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावर येणार आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या डॉक्टरांशी आमच्या रावसाहेबांचा सामना होणार, असं ठरलं. रावसाहेब म्हणजे दोन जीनांचे मालक. क्लबातला सर्वांत महागडा क्यू त्यांचा. त्यांची खेळताना एक खोड होती. नेम धरण्याआधी अंगठा जिभेला लावायचा, तो टिपेवर फिरवायचा, मग निळा खडू घासायचा, आणि खडूनं अंगठा कोरडा झाला की तो पुन्हा जिभेला. खेळ संपेपर्यंत त्यांची जीभ निळी होई. सभासद याला रावसाहेबांची शैली म्हणत.

सामन्याच्या तीन दिवस आधी त्या क्यूची टिप निघाली. नागपूर शक्यच नव्हतं. क्लबात सुतकासारखं वातावरण झालं. क्लबाचे मार्कर करीमचाचा, जे गुण मोजत, टेबल झाडत आणि सगळ्यांच्या शिव्या खात, ते निघालेली टिप तळहातावर घेऊन उभे होते. मी नेहमीसारखा अर्जाची चौकशी करायला गेलो होतो. आणि मला बुद्धी सुचली.

"माझे वडील लावून देतील," मी म्हणालो. "नागपूरसारखीच."

नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत प्रथमच नीट पाहिलं. "खात्री आहे?"

"आहे साहेब."

"मग बघ. हे काम झालं तर कमिटी उद्याही बसू शकेल."

मी घरी धावत गेलो. आजही लिहिताना अंग चोरावंसं वाटतं, इतका मी आनंदात होतो.

बांनी क्लबाच्या पायऱ्यांखाली बसून काम केलं. वर यायला कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. करीमचाचांनी क्यू वरून खाली दिला. दुसऱ्या दिवशी सरस धरल्यावर कडा तासल्या, घासल्या. कोणी बघत नव्हतं. बघण्यासारखं काही तिथं चाललं आहे, असं कोणाला वाटत नव्हतं.

सामना रावसाहेबांनी जिंकला. तो माणूस जन्मात तसा खेळला नव्हता. काठी एकदाही घसरली नाही. साहेब टाळ्या वाजवत होते, म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते. डॉक्टरांनी क्यू हातात घेऊन टोक न्याहाळलं आणि विचारलं, "हे काम कुठलं? मुंबईचं?" रावसाहेब खुशीत होते. म्हणाले, "बोलवा रे त्याला."

बा व्हरांड्याच्या कडेला येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, हातात पागोटं. मी दारामागून बघत होतो. रावसाहेबांनी खिशातून रुपया काढला होता आणि दुसऱ्या हातात क्यू धरून ते सवयीनं टिपेवरून अंगठा फिरवत होते.

"काय रे सखाराम, अशी चमक कशी आणली? आं? काय तेल लावतोस?"

बांच्या कामाबद्दल त्यांना आजवर कोणत्याही मोठ्या माणसानं काही विचारलं नव्हतं. जोडा लागतो का, एवढंच विचारत. बांचा चेहरा उजळला. त्यांनी मनापासून, कारागीर कारागिराला सांगतो तसं सांगितलं.

"तेल नाई लावत मालक. तेलानं खडू धरत नाई. थुका लावतो. पाण्यानं चामडं फुगते, थुक्यानं नाई फुगत. जरासाच, अंगठ्यावर घेऊन असा फिरवला का झालं."

रावसाहेबांचा अंगठा तेव्हा जिभेवर होता.

तो क्षण मी विसरणार नाही. एवढा मोठा माणूस, दोन जीनांचा मालक, तोंडात अंगठा घालून उभा आहे आणि तो बाहेर काढावा की आत ठेवावा हे त्याला कळत नाही. मग ते धावले. मोरीकडून ओकाऱ्यांचा आवाज आला. कोणी तरी पाण्याची घागर नेली, दुसरा म्हणाला ती नको, विहिरीचं ताजं आणा. साहेब विचारत होते, काय झालं, त्यांना विंचू चावला का? नानासाहेब बांवर ओरडले, "अरे, लाज आहे का? थुंकलास? आमच्या क्यूवर थुंकलास?"

"काम तसंच असते साहेब," बा म्हणाले. त्यांना अजून कळलं नव्हतं.

रुपया रावसाहेबांबरोबर मोरीवर गेला. तो परत आला नाही.

करीमचाचा दिवे मालवत मला हळूच म्हणाले, "बाबू, मी तं पंधरा सालापासून खडू बसायले थुकून राह्यलो. कोणी इचारलं नाई म्हून वाचलो. तुह्या बापानं खरं सांगतलं, एवढीच गलती."

रावसाहेबांनी प्रायश्चित्त घेतलं. पंचगव्य प्यायले. त्यात काय काय असतं ते मी इथं लिहीत नाही, वाचकांना ठाऊक आहे. ब्राह्मणभोजन झालं, दक्षिणा दिल्या. तो सगळा खर्च क्लबानं सोसला आणि क्यूदुरुस्ती या सदरात टाकला, असं करीमचाचांनी पुढे सांगितलं. एका टिपेसाठी इतका खर्च नागपूरच काय, विलायतेतही आला नसता. बांनी लावलेली टिकली कापून काढली आणि चिमट्यानं धरून तळ्यात टाकली. क्यू खोक्यात घालून नागपूरला पाठवला. तिथल्या आतल्या खोलीत त्या म्हाताऱ्यानं अंगठा ओला केला असेल, फडकं फिरवलं असेल. पुढच्या महिन्यात रावसाहेब तो क्यू घेऊन पुन्हा आपली जीभ निळी करू लागले.

हे मी नानासाहेबांना सांगितलं होतं. त्यांच्या कचेरीत, त्यांच्या समोर उभं राहून. "साहेब, नागपूरलाही असंच करतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "नागपूरला कोण काय लावतो ते इथून दिसत नाही, गणपत. जे दिसत नाही त्याचा विटाळ नसतो. तू शिकलेला आहेस, एवढं तरी समजायला हवं."

मग त्यांनी खरं काम काढलं. साहेबांनी अकोल्याला जाऊन पत्र पाठवलं होतं. तो म्हातारा कारागीर चांगला होता, त्याला क्लबातून का हाकललं, क्लबाच्या जागेला सरकारी भाडं माफ आहे हे सभासदांना आठवतं का, अशी विचारणा होती. आता साहेबाला काय उत्तर द्यायचं? थुंकीचं कारण सांगितलं तर तो हसेल. शिवाशिवीचं सांगितलं तर चिडेल.

"साहेबाला विटाळ कळत नाही," नानासाहेब म्हणाले. "हलकं काम कळतं. तुझ्या बापाकडून लिहून आण. इंग्रजीत. काम हलक्या दर्जाचं झालं, चूक कबूल, क्लबाबद्दल तक्रार नाही. अंगठा घे खाली. तो कागद आला की कमिटी बसते."

"पण काम हलकं नव्हतं साहेब. रावसाहेब जिंकले."

"मग तुझा अर्जही चांगलाच आहे की. राहू दे पडून."

मी तो कागद त्यांच्या कचेरीतच बसून लिहिला. माझं इंग्रजी तेव्हा ताजं होतं. पाच वाक्यं. एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. नानासाहेबांनी वाचून मान डोलावली. "सुरेख. तुला फी माफ केली ती वाया नाही गेली."

दुपारी घरी आलो. बा अंगणात मोटेचं चामडं शिवत होते. सगळीकडे रुई उडत होती, त्यांच्या खांद्यावर, डोक्यावर. मी कागद उघडला आणि प्रामाणिकपणे एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. बा आरी हातात धरून ऐकत होते.

झाल्या चुकीबद्दल माफी मागतो. बा म्हणाले, "बरं."

पुन्हा क्लबाच्या आवारात येणार नाही. "बरं. जोडे त्यायचेच फाटतीन."

क्लबाबद्दल माझी काही तक्रार नाही. "कोणापाशी करनार हाये तक्रार? लिह."

मी लावलेलं काम हलक्या दर्जाचं होतं.

बांनी आरी खाली ठेवली. "हे कोणं सांगतलं?"

"नानासाहेबांनी."

"हे काढ."

"बा, नुसता कागद आहे. साहेबाला दाखवायचा."

"काढ म्हनलं ना. थुकलो, थुकलो. माफी मागतो, पाया बी पडतो. तुह्या नोकरीसाठी त्यायच्या दारात लोळतो म्हन. पन काम खराब व्हतं असं माह्या अंगठ्यावर नको लिहू. त्या टिकलीनं तो गडी जिंकला. साऱ्यायनं पायलं."

"मग नोकरी नाही मिळणार."

"नाई मिळाली तं आरी हाये," बा म्हणाले. ते सहज म्हणाले. मला ती आरी दिसली, मोटेचं ओलं चामडं दिसलं, त्याचा वास आला. दारात माय उभी होती. गल्लीतून कोणी जाता जाता आत बघून गेलं.

"बरं," मी म्हणालो. "काढतो."

मी टाक घेतला. दौतीत बुडवला नाही. कोरडं निब त्या वाक्यावरून एकदा नेलं आणि एकदा परत आणलं. कागदावर त्याचा चरचर आवाज झाला. बांनी तो आवाज ऐकला, टाक चालताना पाहिला. काळ्या ओळी त्यांना सगळ्या सारख्याच होत्या.

"काढलं?"

"काढलं."

त्यांनी अंगठा पुढे केला. घट्टे इतके जाड की पहिल्यांदा ठसा उमटलाच नाही. दुसऱ्यांदा मला तो माझ्या हातांनी दाबावा लागला.

कमिटी दुसऱ्याच दिवशी बसली. मी मास्तर झालो. गल्लीनं माझ्या गळ्यात हार घातला, मायनं ओवाळलं. पहिल्या दिवशी बा शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि बाहेरच थांबले. वर्गात शिरताना मी मागे वळून पाहिलं, तर ते कोणा गाडीवानाला माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होते.

नानासाहेबांचा, रावसाहेबांचा, त्या निळ्या जिभांचा मला तिरस्कार आहे. तो कमी झालेला नाही आणि कमी व्हावा असं मला वाटतही नाही. इतकं कोतं, इतकं पोकळ, दुसऱ्याच्या हातच्या कामावर जगून त्याच हाताला विटाळ म्हणणारं जिणं मी दुसरं पाहिलं नाही. पण ते इंग्रजी वाक्य त्यांच्यापैकी कोणी लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं. मुलांच्या वह्या तपासताना लाल शाईनं चुकीचा शब्द खोडायचा असतो, तेव्हा कधी कधी हात थांबतो. मुलं समजतात, मास्तर विचार करताहेत.

साहेब गेले, राज्य बदललं. बा आता थकले आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, रापी हातात धरवत नाही. ओसरीवर बसून असतात. हंगाम आला, गाड्यांचे आवाज येऊ लागले की त्यांना ती गोष्ट हटकून आठवते. समोर कोणी ना कोणी असतंच. यंदा जऊळक्याचा एक पाहुणा होता, तरणा, चामड्याच्याच कामाला लागलेला. बांनी त्याला सगळं सांगितलं. रावसाहेबांचा अंगठा आला तेव्हा दोघंही पोट धरून हसले. मग बा गंभीर झाले.

"माफी मागतली म्या. पन कामाले नावं नाई ठेवू देल्ली. साहेबाच्या कागदात तसं इंग्रजीत लिहेल हाये. मास्तर, सांग बरं याले काय लिहेल हाये ते."

हे दर वर्षी होतं. पहिल्या वर्षी मी म्हणालो होतो, काम खराब होतं असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी म्हणालो, काम चांगलं होतं असं लिहिलं आहे. मग, काम उत्तम होतं. दर हंगामाला ते वाक्य थोडं वाढतं.

पाहुणा माझ्याकडे बघत होता. बांनी कान पुढे केला होता.

"त्यात लिहिलं आहे," मी म्हणालो, "की अशी टिप नागपुरातही कोणी लावू शकत नाही."

"पाय," बा पाहुण्याला म्हणाले, "आन् हे माह्या पोराच्या हातचं हाये."